ज्ञानाची व्यवस्था आणि विभागाचे कपाट

'ज्ञानव्यवस्थापन' ही संज्ञा मराठीत आली ती उद्योगजगताच्या वाटेने. साहजिकच वाङ्मयाच्या अध्यापकाला ती परकी वाटते. कारखाना, नफा, सल्लागार आणि सभागृहातील व्याख्याने यांचा वास तिला येतो आणि 'हा आपला विषय नव्हे' असे म्हणून ती बाजूला ठेवली जाते. परंतु या संज्ञेच्या मुळाशी असलेला प्रश्न कारखान्याच्या आवारात जन्मलेला नाही. एका माणसाला जे कळले ते दुसऱ्याच्या उपयोगी कसे पडावे, आणि जाणणारा निघून गेल्यावर त्याचे जाणलेले कोठे राहावे, हा तो प्रश्न होय. मराठी गद्याचा आरंभच या प्रश्नातून झाला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या संज्ञेकडे पाठ फिरवणे मराठीच्या अभ्यासकाला परवडणारे नाही, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन मर्यादित आहे. साठा केल्याने ज्ञान टिकते असे नाही. नोंद ठेवण्याची शिस्त आणि त्या शिस्तीत तयार झालेली माणसे, या दोहोंच्या आधाराने ते टिकते. मराठीतील काही थोर ज्ञानसंग्राहकांनी ही गोष्ट आचरणातून सिद्ध केली. आजच्या मराठी विभागांत मात्र संशोधन वाढत असताना ही शिस्त क्षीण झाली आहे. तिची किंमत कोणाला मोजावी लागते आणि ती परत कशी आणता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. पाश्चात्त्य आणि जपानी विचार

ज्ञानव्यवस्थापनाच्या विचारवंतांत पीटर ड्रकर यांचे नाव प्रथम घेतले जाते. हातांच्या श्रमापेक्षा जाणिवेच्या बळावर काम करणाऱ्या नव्या वर्गाला उद्देशून 'ज्ञानकर्मी' ही कल्पना त्यांनी १९५९ च्या सुमारास मांडली. कामगाराची हत्यारे मालकाची असतात; ज्ञानकर्म्याचे हत्यार त्याच्या डोक्यात असते आणि तो घरी गेला की तेही त्याच्याबरोबर जाते, हे या कल्पनेचे मर्म आहे.

डोक्यात असलेले हे ज्ञान सगळे शब्दांत येते काय, हा प्रश्न मायकेल पोलान्यी यांनी विचारला. मूळचे रसायनशास्त्रज्ञ असलेले पोलान्यी पुढे तत्त्वचिंतनाकडे वळले. मनुष्याला जेवढे कळलेले असते त्याहून कमीच तो सांगू शकतो, असा सिद्धान्त त्यांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात मांडला. न सांगता येणाऱ्या या भागाला मराठीत 'अव्यक्त ज्ञान' म्हणता येईल. ओळखीचा चेहरा गर्दीत ओळखता येतो. पण तो कशावरून ओळखला हे नेमके सांगता येत नाही. जुन्या हस्तलिखिताचा कागद आणि अक्षराचे वळण पाहून काळाचा अंदाज बांधणारा संशोधक, किंवा बोलीतील एका उच्चारावरून बोलणाऱ्याचे गाव सांगणारा अभ्यासक यांचे ज्ञान याच जातीचे असते.

जपानचे इकुजिरो नोनाका यांनी १९९१ मधील एका लेखात आणि हिरोताका ताकेउची यांच्यासह १९९५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या विचाराला व्यवहाराची जोड दिली. त्यांनी दिलेले एक उदाहरण पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. १९८५ मध्ये मात्सुशिता या कंपनीला घरच्या घरी पाव करणारे यंत्र बनवायचे होते. कणीक मळण्याचे काम काही केल्या जमत नव्हते. तेव्हा कंपनीतील, संगणकासाठी आज्ञावली लिहिणारी एक स्त्री ओसाका येथील एका हॉटेलच्या मुख्य पावकऱ्याकडे उमेदवारीला राहिली. तो कणीक विशिष्ट तऱ्हेने ताणतो आणि पीळ देतो, हे तिला शेजारी राहून उमगले. पावकऱ्याने ते कधी सांगितले नव्हते. कारण सांगण्यासारखे काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. सहवासातून उचललेले अव्यक्त ज्ञान शब्दांत आणणे, ते इतर व्यक्त ज्ञानाशी जोडणे आणि जोडलेले पुन्हा अंगवळणी पाडणे, असा नोनाका यांचा चार पायऱ्यांचा फेरा आहे.

१९९१ मध्येच जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी उमेदवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. युकातानमधील सुइणी, लायबेरियातील शिंपी अशा समूहांत नवखा माणूस प्रथम कडेची साधी कामे करतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो. या सरकण्यालाच शिकणे म्हणावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या सर्व विचारांत एक उणीव आहे आणि ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला चटकन जाणवते. पावकऱ्याची युक्ती यंत्रात गेली, यंत्र विकले गेले. पावकऱ्याचे पुढे काय झाले हा प्रश्न त्या मांडणीत गौण राहतो. ज्ञान कोणाचे, ते देणाऱ्याचे नाव राहते की नाही, याची फारशी चिंता कंपनीला नसते. विद्यापीठाला ती असावयास हवी. मराठीतील जुन्या ज्ञानव्यवहाराकडे वळण्याचे हेही एक कारण आहे.

२. म्हाइंभटांची पद्धत

श्रीचक्रधरांच्या निर्गमनानंतर त्यांच्या आठवणी शिष्यांच्या मनात विखुरलेल्या होत्या. त्या ज्याच्या त्याच्याकडे जाऊन मिळवणे, लिहून घेणे आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेणे, हे काम म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात केले. 'लीळाचरित्र' हा त्याचा परिपाक. या ग्रंथाची भाषा, त्यातील समाजचित्र, त्याचे आद्य गद्यत्व यांवर विपुल लेखन झाले आहे. त्यामागील कार्यपद्धतीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडून ऐकणे, ऐकलेले अधिकारी व्यक्तीकडून पारखून घेणे आणि मगच ते ग्रथित करणे, ही पद्धत आजच्या क्षेत्रीय संशोधनाच्या कसोटीलाही उतरते.

पुढे मूळ पोथी नष्ट झाल्याचे परंपरा सांगते. स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला आणि त्यातून निरनिराळे पाठ सिद्ध झाले. या टप्प्यावर महानुभावांनी केलेली गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याऐवजी भिन्न परंपरा त्यांनी 'वासना' म्हणून नोंदवून ठेवल्या. हिराइसेचे स्मरण काय सांगते आणि दुसऱ्याचे काय, हा भेद सांगणाऱ्याच्या नावासह जपण्यात आला. सातशे वर्षांपूर्वीच्या या मंडळींना माहितीचा उगम ही माहितीचाच एक भाग आहे, हे कळले होते.

याच परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंथीय ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद झाले. ते सुरक्षित राहिले. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके अगम्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांतून ते कुलूप उघडले, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. जतन आणि उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही. महानुभावांकडे कुलूप घालण्याचे सबळ कारण होते. त्यांना आपले धन परक्या हातांपासून वाचवायचे होते. आजच्या विभागांतील कपाटांना असे कोणतेही कारण नाही.

३. केतकरांची कचेरी आणि वाईचे कार्यालय

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तेवीस खंडांचा. त्यासाठी त्यांनी नागपुरात मर्यादित जबाबदारीची मंडळी काढली, भागभांडवल उभारले, वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव फिरले आणि पुढे पुण्यात बिऱ्हाड हलवून काम तडीस नेले. त्या श्रमांचा इतिहास त्यांनी १९२७ मध्ये 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेवला. एखादे मोठे काम संपल्यावर ते कसे झाले, कोठे अडले, पैसा कोठून आला आणि कोठे चुकले, हे लिहून ठेवण्याची ही वृत्तीच दुर्मीळ आहे. व्यवस्थापनशास्त्र आज कामाच्या समाप्तीनंतर असा आढावा घ्यावा म्हणून सांगते. केतकरांनी तो न सांगता घेतला.

केतकरांच्या ज्ञानकोशाचे मोजमाप बहुधा खंडांच्या संख्येने केले जाते. त्यांच्या कचेरीतून बाहेर पडलेली माणसे मोजली तर निराळेच चित्र दिसते. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघेही ज्ञानकोशाच्या कामात मुरलेले. ज्ञानकोश पुरा झाल्यावर या दोघांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले. पुढे 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश', 'शास्त्रीय परिभाषा कोश' आणि 'सुलभ विश्वकोश' हेही त्यांच्या हातून झाले. नोंद कशी निवडावी, टिपण किती लांब असावे, शंका कोणाला विचारावी आणि कोठे थांबावे, हे ज्ञान कोणत्याही खंडात छापलेले नव्हते. ते त्या कचेरीत शेजारी बसून काम करताना हातात उतरले होते. लेव्ह आणि वेंगर यांनी लायबेरियाच्या शिंप्यांत जे पाहिले ते पुण्यात साठ-सत्तर वर्षे आधी घडून गेले होते. केतकरांची मंडळी कोशाबरोबर संपली, परंतु कोशकार संपले नाहीत.

मराठी विश्वकोशाची कथा याच्या उलट आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे हे काम उभे राहिले. लेख मागवण्याआधी परिभाषा निश्चित करणे आणि नोंदींच्या याद्या करणे, हा पाया प्रथम घातला गेला. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. तर्कतीर्थांचे निधन १९९४ मध्ये झाले. त्यांच्यामागे मे. पुं. रेगे आणि त्यानंतरचे अध्यक्ष आले, संपादक बदलले, लेखकांच्या दोन पिढ्या पालटल्या. तरी विसावा खंड २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विलंबाबद्दल टीका झाली आणि ती अकारण नव्हती. पण कामाची रीत व्यक्तीपेक्षा दीर्घायुषी ठरली, हे श्रेय वाईच्या कार्यालयाला द्यावे लागेल.

पहिल्या उदाहरणात संस्था संपूनही माणसांनी काम पुढे नेले. दुसऱ्यात माणसे जाऊनही संस्थेने नेले. विद्यापीठातील विभागाला या दोन्ही गोष्टी उपलब्ध असतात. तेथे संस्था कायम असते आणि दरवर्षी नवी माणसे येतात. असे असूनही तेथे ज्ञान गळून जात असेल तर दोष साधनांच्या अभावाकडे ढकलता येणार नाही.

४. ओवी आणि गाणारीचे नाव

सूचीच्या बाबतीतही मराठीची पूर्वपुण्याई मोठी आहे. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद आहे. १९५१ पासूनचा धागा शरद केशव साठे यांनी पुढे नेला. मराठी विषयात आचार्यपदवी मिळवणाऱ्या प्रत्येकाने या सूची चाळलेल्या असतात. सूचिकाराचे नाव मात्र प्रबंधाच्या ऋणनिर्देशात क्वचितच आढळते.

लोकसाहित्याच्या क्षेत्रातील एक काम येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले गेले, आशयानुसार वर्गीकरण झाले, पुढे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटवां २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तले. त्यांच्यामागे काम थांबले असते. परंतु नोंदी इतक्या शिस्तीच्या होत्या की २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणल्या. नवे कार्यकर्ते जुनी नोंद हातात घेऊन त्याच गावी गेले आणि गाणाऱ्या स्त्रियांना पुन्हा भेटले. नोंदीत नाव आणि गाव नसते तर ही भेट शक्यच नव्हती. पावकऱ्याच्या गोष्टीत जे हरवले होते ते येथे राखले गेले आहे.

५. नांदगावच्या हद्दीवर

या पार्श्वभूमीवर आजच्या विभागांची स्थिती पाहावयाची तर नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्याचे उदाहरण बोलके ठरते. मनमाड हे मोठे रेल्वे जंक्शन याच तालुक्यात आहे आणि गिरणा धरणही याच तालुक्याच्या हद्दीत आहे. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, लोहमार्ग होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहू इच्छिणारा प्रवासी नांदगावच्या स्थानकावर उतरून टांग्याने पुढे जात असे. इंग्रज प्रवाशांच्या मार्गदर्शिकांतून ही वाट वर्णिलेली आहे. १८८३ च्या इंग्रजी गॅझेटियरचा नाशिक खंडही उपलब्ध आहे. पण त्या वाटेवर टांगे हाकणाऱ्यांच्या, रुळांवर खडी टाकणाऱ्यांच्या घरांतून काय सांगितले आणि गायले गेले, याचे मराठी दप्तर कोणते, असे विचारले तर उत्तर सोपे नाही.

भाषेच्या दृष्टीनेही हा तालुका सीमेवरचा आहे. गिरणेच्या अंगाने अहिराणीचा प्रभाव जाणवतो, तर दक्षिणेकडे गोदावरीच्या खोऱ्यातील बोली सुरू होते. एकाच घरात सासूची एक बोली आणि सुनेची दुसरी, असा प्रकार अशा प्रदेशात नवलाचा नसतो. लोकसाहित्याच्या आणि बोलीभाषेच्या अभ्यासकाला याहून समृद्ध क्षेत्र क्वचित मिळेल. परंतु येथेच विद्यापीठांच्या हद्दी आड येतात. नांदगाव, मालेगाव, येवला हे तालुके पुणे विद्यापीठाच्या कक्षेत. लगतचे चाळीसगाव जळगावच्या विद्यापीठाकडे. कन्नड आणि वैजापूर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. त्यातही जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. तत्पूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुण्याशी संलग्न होती. म्हणजे एकाच गिरणाकाठच्या लग्नगीतांवर तीन विद्यापीठांत काम होऊ शकते आणि चाळीसगावच्या गीतांवरील जुना प्रबंध पुण्यात, तर नवा जळगावात असू शकतो. नदीला या हद्दी ठाऊक नाहीत, गीतांनाही नाहीत. प्रबंधांना मात्र त्या पाळाव्या लागतात.

परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. नांदगावची एखादी विद्यार्थिनी 'तालुक्यातील लोकगीते' हा विषय घेते. तिच्या आधी शेजारच्या तालुक्यात तेच काम कोणी केले हे तिला कळत नाही. लोकगीताची व्याख्या, वर्गीकरण, वैशिष्ट्ये यांवर तिचे पहिले दोन अध्याय जातात. हेच दोन अध्याय आधीच्या कित्येक प्रबंधांत असतात. तिने खरे नवे जे मिळवले, ते म्हणजे एखाद्या वृद्धेच्या तोंडून उतरवून घेतलेली गीते. ती परिशिष्टात जातात किंवा पृष्ठसंख्येच्या मर्यादेमुळे वगळली जातात. 'एक वृद्ध स्त्री, वय अंदाजे सत्तर' एवढीच निवेदिकेची ओळख उरते. पदवी मिळाली की वह्या आणि ध्वनिफिती घरच्या फडताळात जातात. पाच-सात वर्षांनी ती वृद्धा नसते, वह्या नसतात. असतो तो व्याख्या आणि वर्गीकरण यांनी सजलेला प्रबंध. हिराइसेचे स्मरण नावानिशी जपणाऱ्या भाषेत हे घडावे, ही खेदाची गोष्ट आहे.

या स्थितीवर अंकीय संग्रहाचा उपाय झाला आहे, असे कोणी म्हणेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर पीएच. डी. चे प्रबंध 'शोधगंगा'वर ठेवण्याची प्रथा पडली, ही मोठीच सोय झाली यात शंका नाही. तरी दोन अडचणी उरतात. पुष्कळसे मराठी प्रबंध तेथे पानांच्या छायाचित्रांच्या स्वरूपात आहेत. त्यांतील शब्द यंत्राला वाचता येत नाही आणि शीर्षक रोमन लिपीत कसे लिहिले गेले यावर प्रबंध सापडणे अवलंबून राहते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तालुक्यांच्या, गावांच्या, एकेका जमातीच्या लोकसाहित्यावरचे काम पुष्कळ वेळा एम. फिल. च्या लघुप्रबंधांतून झाले, आणि ते बहुतांशी विभागांच्या कपाटांतच राहिले. २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. ही पदवीच बंद केली. त्या लघुप्रबंधांत आता भर पडणार नाही आणि त्यांची विचारपूस करणारा वर्गही राहिला नाही. कपाटाची किल्ली ज्यांच्याजवळ आहे आणि कोणत्या खणात काय आहे हे ज्यांना आठवते, ते अध्यापक येत्या काही वर्षांत निवृत्त होतील. पोलान्यी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हणतात ते येथे अगदी साध्या रूपात आहे. सरांना विचारले की प्रबंध सापडतो. सर गेले की तो हरवतो.

६. तीन आक्षेप

या विषयाची चर्चा निघाली की काही आक्षेप घेतले जातात आणि ते विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप असा की, मूल्यांकनाच्या निमित्ताने महाविद्यालयांत आधीच कागदांचे डोंगर झाले आहेत. त्यात आणखी एका नोंदवहीची भर कशाला? आक्षेप खरा आहे. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची स्थापना १९९४ मध्ये झाली. तेव्हापासून अहवाल लिहिणे हे अध्यापकाचे मोठे काम होऊन बसले. परंतु अहवाल वरच्यासाठी लिहिला जातो आणि ज्ञानाची नोंद पुढच्यासाठी लिहिली जाते. अहवालात किती प्रबंध झाले हे सांगावे लागते. त्या प्रबंधांतून काय हाती लागले, हे कोणी विचारीत नाही. पहिल्या कामाचा वीट आला म्हणून दुसरे नाकारणे योग्य होणार नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही. आपण मिळवलेली सामग्री खुली केली तर दुसरा ती उचलून नाव कमावील, ही ती भीती. ती निराधार नाही. उचलेगिरीची उदाहरणे प्रत्येक विद्यापीठात कुजबुजली जातात. पण नोंद नसते तेथेच चोरी पचते. अमुक गीत अमुक वर्षी अमुक विद्यार्थिनीने अमुक गावी मिळवले, ही नोंद विभागात जाहीर असेल तर ते दुसऱ्याला आपले म्हणून मिरवता येणार नाही. खुली नोंद हेच मालकीचे उत्तम प्रमाण होय.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. साहित्याचे ज्ञान म्हणजे माहिती नव्हे. कवितेचा आस्वाद पत्रिकेवर कसा नोंदवणार? तो नोंदवता येत नाही आणि नोंदवूही नये. एखादा जाणता अध्यापक ज्ञानेश्वरी शिकवताना जे देतो ते वर्गात बसूनच घ्यावे लागते. मात्र या आक्षेपाचा आधार घेऊन नोंदवण्याजोगेही न नोंदवणे हा आळस ठरतो. कोणत्या पाठावर काम झाले, कोणते हस्तलिखित कोणाच्या घरी पाहिले, कोणता शब्द कोठे ऐकला, या गोष्टी आस्वादाच्या नाहीत. त्या ज्ञानाच्या कच्च्या मालाच्या आहेत.

७. काय करता येईल

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. नवीन शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला आहे. एम. ए. चा प्रत्येक विद्यार्थी आता काही ना काही शोधणार आहे. या प्रकल्पांतील काही थोडे जरी पूर्वीच्या लघुप्रबंधांच्या सूचीसाठी राखले, तर एका वर्षात एका विभागाचे कपाट नोंदले जाईल. प्रत्येक लघुप्रबंधासाठी एक पत्रिका पुरे. तिच्यावर विषय, वर्ष, प्रदेश, निवेदकांची गावे, परिशिष्टात कोणती मूळ सामग्री आहे आणि संशोधकाला काय अनुत्तरित राहिले, एवढे असावे. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. प्रत्येक प्रबंधाच्या अखेरीस 'निष्कर्ष' असतात. न सुटलेले प्रश्न लिहिण्याची रीत नाही. त्यामुळे नवा संशोधक तेथून पुढे जाण्याऐवजी पुन्हा आरंभापासून चालू लागतो.

दुसरे असे की, क्षेत्रीय कामाच्या वह्या आणि ध्वनिमुद्रणे यांची एक प्रत विभागात ठेवणे हा मार्गदर्शकाने घालून दिलेला शिरस्ता व्हावा. निवेदकाची संमती घ्यावी आणि संमती असेल तेथे त्याचे वा तिचे नाव पूर्ण लिहावे. ज्याला नाव द्यायचे नसेल त्याचे नाव झाकावे. पण हा निर्णय सांगणाऱ्याचा असावा, टंकलेखकाच्या सोयीचा नसावा.

तिसरे, निवृत्त होणाऱ्या अध्यापकाच्या सत्कारात शाल आणि श्रीफळ असतेच. त्याआधी महिनाभर एका विद्यार्थ्याने त्यांच्याजवळ बसून कपाटाची, जुन्या विषयांची, परिचित निवेदकांची आणि अर्ध्यावर राहिलेल्या कामांची माहिती उतरवून घ्यावी. म्हाइंभटांनी यापेक्षा निराळे काही केले नव्हते.

चौथे, सीमेवरच्या तालुक्यांतील महाविद्यालयांनी विद्यापीठांची वाट न पाहता परस्परांत याद्यांची देवघेव करावी. नांदगाव, चाळीसगाव, कन्नड, वैजापूर, येवला, मालेगाव येथील मराठी विभागांनी आपापल्या प्रबंधांच्या याद्या एकमेकांना पाठवल्या, तरी गिरणेच्या खोऱ्याचे आणि घाटमाथ्याचे एक दप्तर तयार होईल. अहिराणीच्या अभ्यासकांनी ही वाट आधीच दाखवली आहे. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश १९९७ मध्ये आला. सटाण्याचे सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक चालवले. ही कामे कोणत्याही मोठ्या केंद्रातून झाली नाहीत. बोली जेथे बोलली जाते तेथील महाविद्यालयीन अध्यापकांनी आणि लेखकांनी ती केली.

यापैकी कोणत्याही उपायासाठी 'ज्ञानव्यवस्थापन' हा शब्द वापरण्याची गरज नाही. शब्द परका वाटत असेल तर तो सोडून द्यावा. केतकरांनी तो ऐकलेला नव्हता, म्हाइंभटांनी तर नाहीच. त्यांना एवढेच ठाऊक होते की सांगणारा आज आहे आणि उद्या नसेल. नांदगावच्या एखाद्या वस्तीवर लग्नघरी हळदीची गाणी सांगणारी वृद्धा आज आहे, आणि ती लिहून घेणारी विद्यार्थिनीही आज आहे. त्या दोघींमध्ये जे घडेल ते पदवीनंतरही राहावे अशी व्यवस्था करणे हे विभागाचे काम आहे. ते करण्यासाठी कपाट आहे, किल्ली आहे, आणि किल्ली ज्यांच्या हाती आहे तेही अजून आहेत.